शेजारच्या काकूंच्या गोळ्या

अमेरिकेत श्रूजबरीला आम्ही राहायला आलो त्या पहिल्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, मी शेजारच्या काकूंना वादक समजत होते. दर रविवारी सकाळी त्या एक लांबलचक काळी पेटी गाडीच्या मागच्या सीटवर अलगद आडवी ठेवायच्या, तिच्यावर ब्लँकेट पांघरायच्या आणि स्वतः गाडी चालवायला बसायच्या. शेजारी काका, मांडीवर पत्र्याचा डबा धरून. चर्चमध्ये काहीतरी वाजवत असतील, असं मी धरून चालले होते. एकदा ह्यांना तसं बोलले, तर हे हसतच सुटले.

"अगं, रायफल आहे त्या पेटीत. म्हातारी नेमबाज आहे. आमच्या ऑफिसातला एक जण तिच्याच नेमबाजीच्या क्लबात जातो, त्यानं सांगितलं."

त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या बाजूच्या खिडकीचा पडदा ओढूनच ठेवला.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. लग्नाला सातच महिने झाले होते. हे एका कॉम्प्युटर कंपनीत इंजिनियर, सकाळी साडेसातला गाडी घेऊन जायचे ते सहाच्या पुढेच यायचे. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. ड्रायव्हिंग येत नव्हतं, आणि इंग्रजी यायचं ते कागदावर. शनिवारी मराठी मंडळी भेटली की तोंड मोकळं व्हायचं. मधले पाच दिवस मी आणि तळघरातला हीटर. तो सुरू झाला की घरात कुणी आल्यासारखं वाटायचं.

शेजारच्या काकू साठीच्या. दणकट, पांढरे केस बारीक कापलेले. गावातल्या शाळेची पिवळी बस चालवायच्या. काका सत्तरीला टेकलेले, उंच, खांद्यातून थोडे वाकलेले. वुस्टरच्या एका कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर काम करून निवृत्त झालेले. मुलं नव्हती. मी मनातल्या मनात त्यांना काका-काकू म्हणायचे, आणि पुढे एकदा तोंडातून तेच निघालं. अर्थ सांगितल्यावर काकांनी मान डोलावली. "म्हणजे मला पुतणी मिळाली," ते म्हणाले.

पण ते पुढचं. ओळख झाली ती मार्चमध्ये, सिंकमुळे. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप गळायला लागला. घरमालक फ्लोरिडात. फोनवर म्हणाला, शेजारच्यांना बोलाव, त्यांना सगळं येतं. मी घाबरत घाबरत त्यांची बेल वाजवली.

काका अवजारांची पेटी घेऊन आले आणि सिंकखाली आडवे झाले. थोड्या वेळानं पाना पाइपवर खडखड वाजायला लागला. मला वाटलं असंच वाजत असेल. मग खाली वाकून बघितलं, तर त्यांचा उजवा हात थरथरत होता आणि पाना नटात बसत नव्हता. मी बघतेय हे लक्षात येताच त्यांनी हात काखेत दाबून धरला.

"कॉफी जास्त झाली आज," ते म्हणाले.

मी पदर खोचला आणि खाली बसले. ते सांगतील तसं करत गेले. नट सैल केला, आतला कुजलेला वॉशर निघेना तेव्हा माझ्या शिवणाच्या डब्यातला चिमटा आणून तो सालीसारखा सोलून काढला, नवा बसवला. काका फरशीवर बसून माझ्या हातांकडे बघत होते.

"हे कुठे शिकलीस?"

"माझे वडील सोनार आहेत," मी म्हटलं. "मी त्यांच्या शेजारी बसायचे."

सांगलीला आमचं दुकान होतं. सातवीत असल्यापासून मी दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, पाटापाशी बसत असे. साखळीच्या कड्या जुळवायच्या, नथीचे मोती ओवायचे, कानस मारल्यावर पडलेला सोन्याचा कीस मोरपिसानं गोळा करायचा. आईला ते आवडत नसे. दादा म्हणत, हिचा हात थंड आहे, हलत नाही, बसू दे. आता त्याच दादांना दिसेनासं होत चाललं होतं. काचबिंदू. माझ्या लग्नात कुणी मला सांगितलं नव्हतं; जानेवारीत भावाचं पत्र आलं तेव्हा कळलं. हे सगळं काकांना सांगण्याइतकं इंग्रजी त्या वेळी माझ्याकडे नव्हतं. एवढंच म्हटलं, "आता त्यांचे डोळे बरे नाहीत."

दोन दिवसांनी, काकूंची बस कोपऱ्यावरून वळल्यावर, काका आमच्या मागच्या दारात उभे. टोपी हातात.

"एक काम आहे. नाही म्हणालीस तरी चालेल."

त्यांचं तळघर बघितलं आणि माझी भीती अर्धी तिथेच गेली. भिंतीवर आकारानं लावलेली अवजारं, लांब लाकडी बाक, त्याला घट्ट बसवलेला एक दांड्याचा प्रेस, काचेच्या पेटीत झाकलेला छोटा तराजू, आणि वर एक दिवा. आमच्या दुकानाचीच कुणीतरी मोठी आवृत्ती काढली होती जणू. फक्त तेलाचा वास वेगळा.

काकांनी तळहातावर एक गोळी ठेवून दाखवली. नुसती पुढची गोळी, तांब्याचं आवरण असलेली, करंगळीच्या दोन पेरांएवढी. मग भिंग दिलं. भिंगातून तिचं टोक दिसलं. डोळ्यांना सुईसारखं वाटणारं टोक तिथे फाटलेल्या पत्र्यासारखं होतं, वाकडंतिकडं, दातेरी.

"कारखान्यातून अशाच येतात," ते म्हणाले. "प्रत्येकीचं टोक वेगळं, म्हणून प्रत्येकीला हवा वेगळी लागते. जवळ मारायचं असेल तर काही बिघडत नाही. ती सहाशे यार्डांवर मारते. तिथे फरक पडतो."

ती म्हणजे काकू. काका स्वतः कधीच धड नेमबाज नव्हते. नेम काकूंचा आणि काडतुसं काकांची, असा तीस वर्षांचा संसार. प्रत्येक गोळीचं टोक सारखं करायचं, वजन करून जोड्या लावायच्या, मग पितळी नळीत दारू भरून वर गोळी बसवायची. दुकानातून आणलेलं तयार काडतूस काकूंनी कधी वापरलंच नव्हतं.

"मोठी कामं मला अजून जमतात. दांडा ओढणं वगैरे," काका म्हणाले. "हे टोकाचं जमत नाही. तराजूवर गोळी ठेवणं जमत नाही. तिला माहीत नाही, तूही सांगू नकोस. एप्रिलच्या शेवटी सीझन सुरू होतोय."

मी भिंग बाकावर ठेवलं. मग विचारलंच. "कशाला मारायला?"

"कागदाला."

"फक्त?"

"ससे आमचा कोबी खातात. ती खिडकीतून त्यांना शिव्या देते. पण मारत नाही."

मी विचार करून सांगते म्हटलं. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर जेवताजेवता ह्यांचा हात थांबला.

"तू वेडी आहेस का? आपण इथे पाहुणे आहोत. ग्रीन कार्डाचे पेपर जायचेत. आणि बायको काय करते, तर तळघरात काडतुसं करते!"

"काडतुसं नाही हो. नुसती टोकं घासायची."

"टोकं कशाची? गोळ्यांची ना?"

"त्यांचा हात थरथरतो," मी म्हटलं. "आणि ते कुणाला सांगू शकत नाहीत."

ह्यांनी पुढे वाद घातला नाही, पण हो सुद्धा म्हटलं नाही. शनिवारी काकू बाजारात गेल्यावर हे स्वतः त्या तळघरात गेले, चौकशी करायला म्हणून. तासाभरानं मी बघायला गेले, तर हे आणि काका एका मायक्रोमीटरवर डोकी जोडून बसले होते. परत येताना हे म्हणाले, "दारूला आणि ती पेटवणाऱ्या कॅपला हात लावायचा नाही. तेवढं मला वचन दे." गंमत अशी की काकांनीही नेमकी तीच अट घातली होती. मी ती कधी मोडली नाही.

मग दर मंगळवारी आणि गुरुवारी दहा वाजता, काकू बस घेऊन गेलेल्या असताना, मी त्यांच्याकडे जाऊ लागले. टोक घासायचं अवजार काकांनी स्वतः लेथवर बनवलेलं होतं. मुठीत मावेल अशी पोलादी नळी. मागून गोळी सरकवायची, पुढून तिचं टोक केसाएवढं डोकावायचं, तिथे बारीक पातं दोन बोटांनी फिरवायचं. फार दाबलं तर जास्त कापलं जातं, कमी दाबलं तर दाते राहतात. तांब्याचा कीस पडायचा. मी सवयीनं तो कागदावर गोळा करून ठेवला, तेव्हा काका खूप हसले. "ते फेकून द्यायचं असतं!" पण मला फेकवेना. बाकाच्या कडेला एका बाटलीत मी तो साठवत राहिले.

वजन करायचं ग्रेनमध्ये. काकांनी मला ग्रेन समजावून सांगायला सुरुवात केली, आणि मी त्यांना थांबवलं. दादांच्या जुन्या वजनपेटीत तोळ्याच्या पितळी वजनावर एकशेऐंशी ग्रेन असं कोरलेलं होतं. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायचे. काकूंच्या गोळीचं वजन होतं एकशे अडुसष्ट.

"तोळ्याला बारा कमी," मी म्हटलं.

काकांनी तो शब्द तीन वेळा म्हणून बघितला. टोला, टोला, टोला. मग पेन्सिल घेऊन बाकामागच्या भिंतीवर लिहून ठेवला.

आम्ही फार बोलत नसू. मी एकेक गोळी तराजूवर ठेवायची, ते आकडा वाचायचे, आणि मी ती केकच्या साच्यातल्या योग्य खळग्यात टाकायची. माझं इंग्रजी तिथेच सुटं झालं. ते काय बोलतात याची वाट बघायची नाही, हातात काम असताना आपोआप बोलायचं. घरी पत्र लिहिलं की मी शेजारच्या काकूंच्या गोळ्या करायला मदत करते. आईचं उत्तर आलं, बिचाऱ्यांना काय आजार आहे? दोन वेळच्या असतात की तीन वेळच्या? ते पत्र मी काकांना भाषांतर करून सांगितलं, तेव्हा त्यांना डोळे पुसावे लागले.

एप्रिलचा शेवटचा रविवार आला. काळी पेटी निघाली, काका डबा घेऊन बसले. संध्याकाळी मी कचरा टाकायच्या निमित्तानं बाहेर घुटमळले. काकूंनी गाडीतून उतरताना मला हात केला. काकांनी त्यांच्या पाठीमागून अंगठा वर केला. मला इतका आनंद झाला की मी घरात येऊन ह्यांच्यासाठी साजूक तुपातला शिरा केला.

जूनमध्ये मात्र माझ्या हातून चूक झाली. भावाचं पत्र आलं. दादांनी अवजारं चुलतभावाला देऊन टाकली होती. पाट, कानशी, फुंकणी, सगळं. भावानं लिहिलं होतं, तुझा चिमटा तेवढा त्यांनी बाजूला काढून ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाहीत. ते पत्र ब्लाउजमध्ये खोचून मी त्या गुरुवारी काकांकडे गेले. डोळे भरून येत होते, ते पुसत काम करत होते. मध्येच लक्षात आलं, की पातं खोल जातंय. किती गोळ्या तशा झाल्या कोण जाणे, दहा, बारा. बाजूला काढायला हव्या होत्या. काढल्या तर काका विचारणार, काय झालं? आणि ते मला बोलता येणार नव्हतं. मी त्या तशाच चांगल्यांत मिसळल्या.

सोमवारी सकाळची फेरी संपवून काकू थेट माझ्या दारात आल्या. पिवळी बस आमच्या घरासमोर उभी. एवढ्या महिन्यांत त्या माझ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच आल्या होत्या. खुर्चीवर बसल्या, खिशातून रुमाल काढून उघडला आणि टेबलावर तीन काडतुसं ठेवली.

"ही मी मारली नाहीत," त्या म्हणाल्या. "दोन मारली, ती कुठल्या कुठे गेली. मग उरलेली नीट बघितली. हनी, ही करताना तुझं लक्ष कुठे होतं?"

मी समोरची खुर्ची ओढून बसले. मी काही बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "मला माहीत आहे. एप्रिलमध्ये पहिला डबा उघडला तेव्हापासून."

"कसं?"

"त्याचा डावा अंगठा एकदा मशिनीत सापडला होता. तो दाबतो तेव्हा टोकाला केसाएवढा उतार येतो. तीस वर्षं प्रत्येक काडतूस हातात धरून बघितलंय मी. या वर्षीची सरळ आहेत. सरळ म्हणजे त्याची नाहीत. आणि दर मंगळवारी मी घरी येते, तेव्हा आमच्या अंगणातून तुझे बूट उमटलेले असतात."

मग मी रडले. दादांचं सगळं सांगितलं. पाट, चिमटा, डोळे, सगळं. एवढं सलग इंग्रजी मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असेन. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांचा हात खरखरीत होता, स्टीअरिंग धरून धरून झालेला.

"असा दिवस असेल तर काम करू नये," त्या म्हणाल्या. "आणि गोळी बिघडली तर बाजूला ठेवायची. लपवायची नाही. एवढंच."

"तुम्ही काकांना का नाही सांगत? की तुम्हाला माहीत आहे?"

काकूंनी काडतुसं पुन्हा रुमालात बांधली. "ते त्यानं सांगायचंय. त्याला वाटेल तेव्हा. तूही त्याला सांगू नकोस."

त्या गेल्या आणि मी तशीच बसून राहिले. काकांनी सांगितलं होतं, तिला सांगू नकोस. काकूंनी सांगितलं, त्याला सांगू नकोस. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू तर डबल एजंट झालीस!" पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. तळघरात काका म्हणायचे, "तिला अजून काही कळलेलं नाही," आणि मी भिंगात डोळा घालून हूं म्हणायचे. त्यांचा हात दिवसेंदिवस जास्त थरथरत होता. कॉफीचा कप ते आता दोन्ही हातांनी धरत.

सप्टेंबरमध्ये क्लबची वर्षातली मोठी स्पर्धा होती. काकूंनी आम्हां दोघांनाही बोलावलं. मी पहिल्यांदाच तिथे गेले. झाडीच्या मध्ये लांबच लांब गवताचा पट्टा, त्याच्या टोकाला पांढरे ठिपके. ते ठिपके म्हणजे माणसाएवढे कागद होते, पण इथून टिकलीसारखे दिसत होते. काकू जाड कोट घालून चटईवर पालथ्या झोपल्या. मला वाटलं होतं, बंदूक म्हणजे काहीतरी रागाचं असेल. काकूंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. देवाला फुलं वाहताना आईचा चेहरा असायचा, तसा होता.

दुसरी फेरी सुरू व्हायची होती. नेहमीप्रमाणे काका त्यांना डबा द्यायला पुढे वाकले, आणि हात असा काही उडाला, की डबा उलटा झाला. सगळी काडतुसं गवतात. आम्ही चौघं गुडघ्यांवर बसून गोळा करायला लागलो. काकांची बोटं गवतात नुसतीच फिरत होती, काही उचलत नव्हती. ते थांबले.

"मला जमत नाही," ते म्हणाले. "मार्चपासून जमत नाही. ही मी केलेली नाहीत. हिनं केलीत."

काकू गवतातून काडतूस शोधत राहिल्या. "मला माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"कधीपासून?"

"एप्रिलपासून."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तिला माहीत आहे, हे तुला माहीत होतं?"

मी मान डोलावली. ते उठले, कपडे झटकले आणि गाडीकडे चालत गेले. मी त्यांच्या मागे जायला निघाले तर काकूंनी मला थांबवलं.

"राहू दे. तो रागावलाय. पण मी आता नीट मारलं नाही, तर आणखी रागावेल."

त्यांनी काडतुसं एकेक करून कोटाच्या अस्तराला पुसली, पुन्हा चटईवर झोपल्या, आणि फेरी पूर्ण केली. दुसरा नंबर आला. त्या वर्षातला त्यांचा सगळ्यात चांगला नेम होता तो.

हे मात्र काकांमागोमाग गेले होते. दोघंही बराच वेळ गाडीत काचा बंद करून बसले. घरी आल्यावर मी विचारलं, काही बोलले का?

"एकच वाक्य," हे म्हणाले. "म्हणाले, काम तर हातातून गेलंच होतं. लपवणं तेवढं माझं उरलं होतं, तेही त्या दोघींनी काढून घेतलं."

ते ऐकून मला स्वतःची लाज वाटली. मंगळवारी दहा वाजले, मी गेले नाही. गुरुवारीही नाही. त्यांच्या तळघराच्या छोट्या खिडकीत दिवा लागलेला दिसत नव्हता. काकू बस घेऊन जाता-येता हात करायच्या, पण थांबायच्या नाहीत. मी एकदा डब्यात बेसनाचे लाडू घालून दाराशी ठेवून आले. डबा तसाच दोन दिवस तिथे होता, मग आत गेला.

दुसऱ्या शनिवारी सकाळी मागच्या दाराची जाळी वाजली. काका आणि काकू दोघंही उभे. काकांच्या हातात लाडवांचा रिकामा डबा.

"मला राग आला होता," काका म्हणाले. "थोडा अजून आहे."

"आय अॅम सॉरी, काका."

"मला माझ्याच घरात वेडं ठरवलंत तुम्ही दोघींनी." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "पण तिच्या गोळ्या संपत आल्यात."

त्याच आठवड्यात काकूंनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. कंपवात निघाला. औषधं सुरू झाली, थोडा फरक पडला, फार नाही. त्या हिवाळ्यात शनिवारच्या दुपारी आम्ही तिघं तळघरात बसायचो, कधी हे पण यायचे. काकूंनी टोकं घासायला शिकायचं ठरवलं. सहाशे यार्डांवर श्वास रोखून धरणारी ती बाई या कामात कमालीची उतावळी होती. काका खुर्चीवरून ओरडायचे, "दाबू नको! फिरव!" स्वतःच्या हातानं दाखवता येत नव्हतं, त्यामुळे जास्तच चिडायचे. मग मी काकूंच्या मागे उभी राहून त्यांची बोटं माझ्या बोटांत धरायचे आणि पातं फिरवून दाखवायचे. दादांनी मला तसंच शिकवलं होतं. महिनाभरानं काकूंच्या हातून पहिली चांगली गोळी निघाली. काकांनी भिंगातून बघितली, उलटसुलट केली, पुन्हा बघितली. "चालेल," म्हणाले. काकू लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या.

मी स्वतः आजवर एकही गोळी झाडलेली नाही. काकूंनी एकदा विचारलं होतं. मी नको म्हटलं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ह्यांना टेक्सासमध्ये, अर्विंगला, नोकरी लागली. निघायच्या आधी आम्ही तीन आठवडे सांगलीला जाऊन आलो. दादांना आता फक्त उजेड-अंधार कळत होता. त्यांनी माझे हात हातात घेऊन बोटांची टोकं चाचपली. उजव्या तर्जनीला पात्यानं छोटा घट्टा पडला होता. "काम करतेस," ते म्हणाले. मी त्यांना त्या तळघराबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "तराजू कुठल्या बनावटीचा?"

अर्विंगला गेल्यावर ग्रीन कार्ड आलं. एका दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवायला माणूस हवा होता. अनुभव काय, तर मी खरं ते लिहिलं. मॅनेजर म्हणाला, कुणाचं तरी पत्र आण. मी काकांना फोन केला. आठवड्यात पत्र आलं. टाइप काकूंनी केलेलं, चुका खोडलेल्या. खाली काकांची सही, भूकंपाच्या आलेखासारखी. त्यात लिहिलं होतं, की मी चाळीस वर्षं मशिनिस्ट होतो, माझ्या हाताखाली पुष्कळ माणसं तयार झाली, त्यांतली ही सगळ्यात नेमकी आहे. एकदाच चुकली, आणि त्या दिवशी तिच्याकडे तसं कारण होतं. म्हणजे जूनचं त्यांनाही माहीत होतं. काकूंनी सांगितलं असावं, किंवा त्यांनी स्वतःच साच्यात ओळखलं असावं. मी कधी विचारलं नाही. नोकरी मिळाली.

तीन वर्षांनी, एका शनिवारी सकाळी काकूंचा फोन आला. माझी मुलगी कडेवर होती, रांगायला नुकतीच लागलेली. आवाजावरूनच मला कळलं. काका झोपेत गेले होते. त्रास झाला नाही, काकू म्हणाल्या, सकाळी उठवायला गेले तर हात एकदम शांत होते.

मुलगी फोनची वायर ओढत होती. मग काकू म्हणाल्या, "त्यानं स्वतः भरलेली सदतीस काडतुसं शिल्लक आहेत. शेवटची."

"ठेवणार आहात?"

"ठेवायला नाही भरली त्यानं. बर्फ वितळू दे, मग मारते."

मे महिन्यात त्यांनी पुन्हा फोन केला. सदतीसच्या सदतीस मारली होती, एकटीनं जाऊन, कुठल्या स्पर्धेत नाही. खांदा दुखत होता म्हणाल्या. मी विचारलं, नेम कसा झाला?

"तीस छान. सात वाईट. त्या सातांच्या वेळी मला दिसतच नव्हतं, हनी."

मग त्यांनी माझ्या मुलीला फोनवर घ्यायला सांगितलं. तिनं रिसीव्हर चाटला. मी ते काकूंना सांगितलं, तर त्या विचारायला लागल्या, दात किती आले, वरचे आले का, तुमच्याकडे गरम किती होतंय, लॅबमध्ये जाताना तिला कुणाकडे ठेवतेस. पाऊण तास आम्ही बोललो. काकांविषयी फारसं नाही.